रफू

चौदा सेकंद. टायर जळतोय.

ओसिएलने तोमेहून पाठवलं ते अकरा मिनिटांचं होतं.
पहिली चार मिनिटं नुसता चौक.
मग एक माणूस सायकल धरून उभा. जांभई देतो.
भोपळ्याच्या सोपाइपिया तळणारी बाई
गाडा दोन हात पलीकडे सरकवते,
धुराकडे पाठ करून पुन्हा तळायला लागते.
तीन पोरं, एक काडेपेटी,
दोनदा विझते. तिसऱ्यांदा पेटतं.
फोडणीला होतो त्याहून थोडा जास्त धूर.

सान्तियागोत, तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत
मी बाईला कापलं. जांभई कापली.
काडेपेटी तर कापावीच लागते,
पेटवणारे हात दिसले की आग लहान होते.
उरलेलं जरा हळू केलं,
खाली लाल पट्टी दिली,
आणि रात्री दहापर्यंत ते एकेचाळीस वेळा गेलं.

खोटं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो,
पुढे सगळे हेच विचारतात.
टायर खरा, ज्वाळा खरी, चौक तर इतका खरा
की सत्ताविसाव्या फेरीला माझ्या लक्षात आलं,
त्या कोपऱ्यावरचं हिरवं दार आमचं आहे.

आई फोनवर कुजबुजत होती.
खिडकीला ब्लँकेट ठोकलंय, म्हणाली.
पाव संपलाय, पण बाहेर कोण जाणार.
अगं, एक टायर आहे. मीच कापलंय ते.
पाचशे किलोमीटरवर बसून मला शिकवू नकोस, म्हणाली,
मी इथे आहे. डोळ्यांनी बघतेय.
कुठे बघतेयस?
टीव्हीवर. आणखी कुठे?

हीच एर्मिनिया,
एकतीस वर्षं लोकरीच्या गिरणीत, रफूच्या बाकावर.
डोळे मिटून ताग्यावर तळहात फिरवायची
आणि थांबायची: इथे.
इथे एक धागा नाहीये.
मुकादम भिंग लावायचा, तेव्हा कुठे त्याला पटायचं.
मग ती नसलेला धागा असा भरायची
की कापडालाही आठवू नये.

मी त्या बाकाखाली बसून मोठा झालो.
हात तिचेच आलेत मला.
ती भरायची, मी काढतो.
सांधा दोघांचाही दिसत नाही.
आणि काच म्हणजे काही लोकर नव्हे,
कितीही तळहात फिरवा,
बोटाला काही लागत नाही.

शनिवारी रात्रीची बस धरली.
सकाळी चौकात काजळीचं एक कडं, परातीएवढं,
आत तारांचं वेटोळं, शेजारी झोपलेलं कुत्रं.
त्या बाईने चार सोपाइपिया कागदात बांधून दिल्या,
माझी बॅग पाहून विचारलं,
राजधानीतून आलात? तिकडे फार पेटलंय म्हणे.

नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि आठवलं, सहा दिवस मी
तळघर ते पलंग, पलंग ते तळघर, बोगद्यातल्या गाडीने,
शहर असं पाहिलेलंच नाही.
जे पाहिलं ते दुसऱ्या कुणीतरी कापलेलं.
हो, म्हणालो. थोडंफार.

घरी खिळे काढले, ब्लँकेट खाली आलं.
आई उजेडात डोळे बारीक करून उभी.
चौक. कुत्रं. गाडा.
कुणीच काही करत नव्हतं.
ती खाली बघत राहिली,
जिथे एरवी पट्टी सरकत असते तिथे.
मग काचेवर तळहात ठेवला, फिरवला,
एका जागी थांबला,
आणि तिने विचारलं,
हे आत्ताचं आहे का?

खिडकीची कडी गंजून बसली होती.
मी दोन्ही हातांनी ती ओढत होतो.
उघडेपर्यंत उत्तर दिलं नाही.