मागे घेऊ?

ओझरला पेटी उघडायला लावली.
कातऱ्या, वस्तरा, तुरटीचा खडा,
अण्णांच्या वेळची हातमशीन.
"सैंदाणे काका, हे वर नाही नेता येणार."
मी सांगितलं, नातवाचं जावळ आहे हैदराबादला,
घरचा माणूस असताना दुसरा कशाला.
पोरगा हसला, पण नियम तो नियम.
पेटी विमानाच्या पोटात गेली.
हात तेवढे माझ्याबरोबर आले.

सात नंबर, खिडकी.
पट्टा शेजारच्याचं बघून लावला.
खाली द्राक्षबागा, मग नुसतीच चौकटी चौकटींची चादर,
मग ओझर बेदाण्याएवढं आकसलं
आणि ढगात गेलं.
चहा आला. कागदी कप, पुढच्याच्या पाठीतून उघडणारी फळी,
त्यावर मी बिस्किट ठेवतोय न ठेवतोय
तोच पुढची खुर्ची
न विचारता, न खाकरता
खाडकन माझ्या छातीशी.
अर्धा चहा नव्या पँटीवर.

रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीत
एकतीस वर्षं मी खुर्ची मागे घेतोय.
दिवसाला पंधरा धरा, सोमवार वगळा,
हिशोब तुम्हीच करा.
आधी विचारायचं, "मागे घेऊ?"
समोरचा "हं" म्हणेपर्यंत थांबायचं.
मागच्या बाकावर कुणी पाय पसरून पेपर वाचतंय का बघायचं.
डावा तळवा मानेखाली,
मग उजव्या हाताने खटका, सावकाश.
डोकं म्हणजे काय पाटा-वरवंटा आहे, आपटायला?

हे अण्णांनी नाही शिकवलं.
अण्णांकडे खुर्चीच नव्हती.
ते रामकुंडावर पोत्यावर बसायचे
आणि माणसं त्यांच्यापुढे वाकायची.
दहाव्याला आलेला माणूस
मागे रेलून बसत नाही.

तर मी बोलणार होतो.
वाक्यही जुळवलं होतं:
ओ साहेब, तिकिटात खुर्ची आली,
माझे गुडघे नाही आले.
जरा उठून पाहिलं,
तर समोर डोकं.

ताजं. चार-पाच दिवसांचं.
शेंडीपुरते केस ठेवलेले.
डाव्या कानामागे दोन कापे,
रक्त पुसलंय पण तुरटी फिरवलेली नाही.
घाटावरच्या नवशिक्या पोराचं काम,
घाईचं, रांग मोठी असणार.
मानेपाशी एक पट्टा तसाच राहिलाय,
कुणी सांगितलं नाही त्याला,
आणि आरशात तो दिसत नाही.
तोंड उघडं टाकून झोपला होता.
चार-पाच दिवसांत पहिल्यांदाच, असं मला वाटलं.
मला काय माहीत.

मी गुडघे तिरके केले.
डागावर रुमाल ठेवला.
माझीही पाठ आंबली होती, बटण हाताशी होतं.
मान वळवून मागच्या बाईंना विचारलं, "मागे घेऊ?"
कानात वायरी. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.
"हं" आलं नाही,
म्हणून मी ताठच.

उतरताना खुर्च्या सरळ करायला सांगितल्या.
त्याने वळून पाहिलं, पँटीकडे, कपाकडे.
"अरे, सॉरी अंकल. लगा क्या?"
"वो छोडो," मी माझ्या नाशकी हिंदीत म्हटलं,
"तुमको लगा है. नीचे रुको. पेटी में फिटकरी है."
त्याला कितपत कळलं देव जाणे.

पट्ट्यावर सगळ्यांच्या बॅगा फिरून गेल्या,
माझी पेटी शेवटी, सुतळी बांधलेली.
तो थांबला होता.
तुरटी पाण्याच्या बाटलीने ओली केली.
बसायला काही नव्हतं तिथं.
मी सवयीने तळवा त्याच्या मानेमागे नेला,
आणि तो पुढे वाकला.

खिशात फोन वाजत होता,
जावईबापू बाहेर उभे.
वाजू दिला.
मानेवरचा तो पट्टा अजून राहिला होता.