खतावणीच्या मागच्या पानावर ओसाका

एकतीस वर्षं हळदीच्या अडतीत दिवाणजी होतो,
त्यामुळे कोरं पान दिसलं की आधी मधोमध रेघ.
डावीकडे जमा: काय बघायचं.
उजवीकडे नावे: किती चालायचं.
सन्मतीनं पाठवलेला नकाशा
बोटांनी मोठा केला की गल्ल्या फुटतात,
आणखी मोठा केला की गल्लीत दुकान, दुकानापुढं सायकल,
आणि त्रिशला चष्मा पुसत विचारते,
"बसायला कुठं आहे का यात?"

तेन्जिनबाशी नावाचा बाजार, अडीच किलोमीटर.
म्हणजे आपल्या गणपती मंदिरापासून निघून
विश्रामबागच्या वाटेवर अर्ध्याहून पुढं,
आणि वर अख्खं छप्पर.
तिनं सामानाच्या यादीतून एक छत्री खोडली.
दुसरी राहू दिली.
किल्ल्यात लिफ्ट आहे म्हणे.
किल्ल्यात लिफ्ट! मी ते दोनदा लिहिलं.

अडलं ते सूर्यापाशी.
चाळीस वर्षांत आम्ही दिवेलागणीनंतर ताट घेतलेलं नाही,
अन् त्या शहराचं सगळं नाव रात्रीचं:
दोतोनबोरीचा कालवा, पाण्यात सांडलेल्या पाट्या,
भिंतीवर पाय हलवणारा केवढा तरी खेकडा.
नोव्हेंबरात तिथं पाचच्या आत मावळतो.
"पाचच्या आत?"
त्रिशलानं आमच्याच घड्याळाकडं रागानं पाहिलं.
मी प्रत्येक तारखेवर लाल शाईनं वेळ घातली:
चार बावन्न, चार बावन्न, चार एक्कावन्न.
"जेवूनच जाऊ," ती म्हणाली,
"खेकडा काय खायचाय आपल्याला? बघायचाच आहे."

जावई म्हणतो मत्स्यालय.
मला एकच पेठ हवी, दोशोमाची,
जुन्या औषधवाल्यांची.
इमारतींच्या फटीत त्यांचं स्वतःचं देऊळ आहे.
हळदीला तिकडं उकोन म्हणतात.
कळल्यापासून मी तो शब्द अंघोळीत म्हणून बघतो.
उकोन. तोंडात जरा गोल बसतो.
राजापुरी हळकुंड कानाशी मोडून
मी आवाजावरून ओल सांगायचो,
त्या आवाजाला दुभाषी लागणार नाही.
"अण्णा, हळकुंडं आणू नका, विमानतळावर काढून घेतात."
हो म्हणालो.
त्रिशला माझे खिसे बघणार आहे.

दिवसाला बारा हजार पावलं झेपतात का, म्हणून
सांगलीतच ओसाका चालायला लागलो.
सोमवारी हरभट रोड, कापडपेठ: हा बाजार.
बुधवारी आयर्विन पूल: हा कालवा.
कोपऱ्यावर मगदूम भेटले, "कुणीकडं जोडीनं?"
"ओसाकाला," त्रिशला म्हणाली, न थांबता.

रविवारी हरिपूर रस्ता, थेट संगमाकडं.
वाटेत पेवांची जमीन लागली.
पूर आत शिरला तेव्हा महिनाभर इथं आंबूस वास होता,
मी वहीत फक्त लिहिलं होतं: खराब, पोती इतकी.
आता गवत. एक शेळी.
मी सांगायला लागलो, इथं पेवाचं तोंड,
आधी दिवा सोडायचा, तो विझला नाही
तरच माणूस उतरायचा,
खाली गेलं की स्वतःचा श्वास दुसऱ्याचा वाटायचा.
"हे कधी बोलला नाहीत."
"तू कधी इकडं आली नाहीस."
पाच किलोमीटरही नसेल घरापासून.

सहा हजार दोनशेला तिचा गुडघा बोलला.
एका मोरीच्या कठड्यावर टेकलो.
मी खतावणीत तिसरी रेघ मारली, आयुष्यात पहिल्यांदा,
वर लिहिलं: बाक.
सन्मतीला विचारलं. तिकडं रात्र झालेली.
तिनं फोटो धाडला, ट्रामच्या थांब्यावरचा,
ओला, रिकामा, दोघांना पुरेल असा.
त्रिशलानं तो मोठा करून बघितला,
मग नदीवरचा सूर्य बघितला.
आपल्याकडं अजून तासभर होता.
तिनं डबा उघडला. बिनलसणाचं भडंग.