वुडवुल बदलताना

एप्रिलचा दुसरा रविवार. कूलरच्या तिन्ही जाळ्या उघडून
अंगणात बसले आहे, हातात जुनं उलथनं.
गेल्या उन्हाळ्याचं पाणी उडून गेलं,
त्याचा पांढरा क्षार तेवढा पत्र्याला धरून राहिला.
खरवडला की खाली गंज.

असंच खरवडता खरवडता
शालिक निनावे आठवला.

महालातल्या शाळेत मी लिपिक, तो शिपाई.
एकदा फीच्या पैशांत चारशे रुपये कमी भरले.
मी आरोप केला नव्हता.
एवढंच विचारलं होतं, "शालिक, कपाटाजवळ कोण गेलं होतं रे?"
आणि कोणी सांगितलं नसताना
त्याने सगळ्यांसमोर खिसे उलटे केले,
डबा उघडून टेबलावर ठेवला.
भाकर, झुणका, बसचं एक तिकीट.

संध्याकाळी पैसे सापडले.
हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात, मीच ठेवलेले.
हिशेब जुळला. मी कपाटाला कुलूप लावलं.

चौदा वर्षं झाली.
चौदा वर्षं मी स्वतःला बरी बाई समजते आहे.
गच्चीवर पाखरांना पाणी ठेवते,
बँकेच्या रांगेत मधे घुसत नाही.

उलथनं तसंच टाकलं, तोंडाला दुपट्टा बांधला,
तांडापेठेत गेले, गल्ली विचारत विचारत.
तो ओसरीत कैऱ्या चिरत होता. केस पार पिकलेले.
उभ्या उभ्याच सांगितलं सगळं, रकमेसकट.

त्याने हातातली कैरी पुरती चिरली.
कोय बाजूला काढली.
"मले मालूम होतं, मॅडम," म्हणाला,
"दुसऱ्या दिवशीपासून तुमी मले अहो म्हणू लागल्या ना.
तवाच समजलं.
मंग पाहिली वाट, दोन-तीन वर्सं.
मंग रिटायर झालो."

सुनेने माठातलं पाणी आणून दिलं.
काय करावं ते कळेना, म्हणून मी पेलाभर पाणी
थांबत थांबत प्याले.
निघताना तो "या" म्हणाला.
"बसा" म्हणाला नव्हता, हे मला कोपऱ्यावर आल्यावर लक्षात आलं.

आता नवं वुडवुल भरून पंप लावलाय.
पहिलं पाणी तांबूस उतरतं, ओल्या लाकडाच्या वासाचं.
खोली गार व्हायला अर्धा तास लागेल.
तोवर उंबऱ्यावर बसून आठवते आहे,
आजवर आणखी कोणाकोणाला
मी एका रात्रीत
अहो म्हणू लागले.