प्राणी नाही

धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर, रात्री अकरानंतर
मी बर्फ तपासते.
म्हणजे फोटो. खूप वर, उत्तरेला,
झाडं खुरटत खुरटत जिथे उगवायचीच थांबतात,
तिथल्या एका अभयारण्यात खांबांना कॅमेरे बांधलेत.
पान हललं तरी फोटो निघतो.
ते पान होतं की जनावर, हे मी सांगायचं.
फोटोमागे साठ पैसे.

बहुतेक वेळा वाराच असतो.
प्राणी नाही. प्राणी नाही.
कूलरमधलं पाणी संपतं, बादली ओतून येते,
पुन्हा बसते: उणे एकतीस, पहाटेचे चार,
प्राणी नाही.

समोरच्या कुंटेबाई विचारतात, एवढं काय बघत असतेस गं?
काही नाही, म्हणते.
खरं तेच सांगते.

कधी एखादा कान. अर्धा ससा.
कॅरिबूंचा कळप गेला तर पन्नास चौकटी नुसते पाय,
आणि पायांखाली दगडफूल,
आपण चिमूटभर गोड्या मसाल्यात घालतो ते,
तिथे मैलच्या मैल, त्यांचं रोजचं जेवण.
उन्हाळा जेमतेम सहा आठवड्यांचा. तेवढ्यात सगळ्यांनी सगळं उरकायचं,
फुलणं, अंडी, भांडणं,
संध्याकाळी हॉल दुसऱ्यांना दिलाय म्हणून
घाईघाईनं पंगती उठवाव्यात तसं.

एकदा लांडगा आला. थांबला. काचेत बघितलं.
यादीत पर्याय होते: चालतो, खातो, झोपलेला, इतर.
बघतो, असा नव्हता.
मी 'इतर' केलं
आणि बराच वेळ पुढची चौकट उघडली नाही.

चौकट ४११७. एकोणीस जून.
दगडावर एवढासा पक्षी, पाठभर ठिपके,
शेपूट हललं म्हणून तेवढंच पुसट.
'अनोळखी, लहान.' साठ पैसे.

जानेवारीत वझरकर सरांच्या स्कूटरवर मागे बसून
कवडी पाटला गेले. मोजणीला माणूस कमी पडत होता.
नदीला वास होता. बंधाऱ्याखाली फेस,
साबणाचा, कमरेएवढा, वाऱ्यानं तुटून उडणारा,
आणि लाज वाटली, पण मला आधी बर्फच आठवला.
त्या फेसाच्या कडेनं
दुधाच्या पिशव्या, निर्माल्य, एक डावी चप्पल ओलांडत
ती चालली होती. ठिपके. शेपूट वरखाली, वरखाली,
कुणाच्या तरी बोलण्याला हो हो म्हणत असल्यासारखं.

"ठिपकेवाली तुतारी," सर वहीत रेघ मारत म्हणाले,
"वरून येते." आणि बोट केलं
उत्तरेकडे नाही, सरळ आभाळाकडे.

तीच असेल असं मी म्हणत नाही.
तिनं चिखलात चोच घातली, काहीतरी मिळालं, गिळलं.
मी एक आकडा वाढवला.

रात्री ४११७ शोधून काढली. नाव लिहावं म्हटलं.
नोंद बंद झाली होती, पैसेही जमा.
कूलरवर चादर घातलेली. खिडकी उघडी.
पुढची चौकट:
वारा.