उघड्या मानेची

कामठीच्या बाजारात झिंगरू उईकेनं टोपलीवरचं पोतं सारलं
आणि म्हणाला, मान नको पाहू, अंडं पाय.
मी मानच पाहिली.
चोचीखालून छातीपर्यंत उघडी, लालसर,
न्हावी मधेच चहा प्यायला उठून गेल्यासारखी.
फक्त पुढं पिसांचा एक झुपका,
बँडवाल्याच्या गळ्यात बो असतो तसा.

विमलछाया म्हणाली, बिमार आहे. फसवलं तुले.
सोमकुवरांची पोट्टी भिंतीवर चढून ओरडली,
गिधाड! गिधाड!
दोन रात्री मी मानेला हळद लावली.
तिसऱ्या रात्री तिनं माझं बोट फोडलं,
मी हळदीचा डबा परत चुलीपाशी ठेवला.

मी कूलर दुरुस्त करतो. गिट्टीखदान, टिनाचं शेड.
मार्च लागला की सगळ्या नागपूरला वारा हवा असतो
आणि तो आजच हवा असतो.
तिला नको होता.
पंचेचाळीसच्या वर बाकीच्या कोंबड्या
पंख पसरून, चोच उघडून पडायच्या.
ही भरदुपारी टिनाखाली उभी,
मान आणखी लाल, डोळा अर्धा मिटलेला,
अंगातली आग त्या वीतभर रस्त्यानं बाहेर सोडत.
ना पंप, ना ताटी.

पाणी पिताना पाहावं तिला.
चोच बुडवते, मान वर करते,
आणि घोट उतरताना दिसतो,
पाइपातून बुडबुडा सरकतो तसा.
तिला तहान लपवता येत नाही.
भीतीही नाही. भिंतीवर मांजर आलं
की आधी गळ्याची शीर उडते, मग ओरड.
आता मी शिरेवरूनच मांजर ओळखतो.

अंडी फिकट बदामी.
आज आठला, उद्या नऊला, परवा साडेदहाला,
सरकत सरकत दुपार गाठली की एक दिवस सुटी,
पुन्हा आठपासून.
दारामागं विमलछाया कोळशानं काड्या मारते.
बिमार म्हणणारी तीच.

मे अर्धा सरला आणि काड्या थांबल्या.
ऊन लागलं असेल, म्हणालो.
नवतपा लागला त्या दिवशी कोंबडीच दिसेना.
पोट्ट्यांनी नाली पाहिली, मी छप्पर पाहिलं.
सापडली धरमपेठेच्या खरवडे वकिलांच्या कूलरमध्ये,
जुन्या गवतात पोट दाबून.
हात घातला तर फुगून दुप्पट झाली,
मान सोडून.
खाली अकरा अंडी. सोमकुवरांचा कोंबडा
भिंत ओलांडून येतो, हे माहीत होतं मला.

वकिलांचा फोन. झाला का?
मोटर जळली साहेब, वाइंडिंगला टाकली.
पंधरा वर्षांत न जळलेली मोटर
मी पहिल्यांदाच जाळली.
आठव्या दिवशी ते स्वतःच आले,
शर्ट पाठीला चिकटलेला, ताटी सारून आत वाकले.
ती एका डोळ्यानं पाहत राहिली. शीर उडत होती.
किती दिवस?
एकवीस. आठ झाले.
त्यांनी बोटांवर मोजलं.
सांगायचं ना बाप्पा, म्हणाले,
मायले दम लागते गरमीत.

आमच्या खिडकीतला कूलर मी त्यांच्या ऑटोत चढवला.
विमलछायेनं नुसती दोरी आणून दिली, बांधायला.
तेरा रात्री आम्ही अंगणात झोपलो.
तिनं केस टाळूवर आवळून बांधले, मानेवर ओलं फडकं.
टॉर्चच्या उजेडात मला तिचा घोट दिसायचा.

पिल्लं निघाली नऊ. चार उघडी, पाच झाकलेली.
वकील आपला कूलर न्यायला आले
आणि त्यातलं एक मागत बसले. उघड्या मानेचंच.
म्हटलं, कोंबडी की कोंबडा ते तर कळू द्या.
तेव्हापासून दर रविवारी येतात,
आईसाठी दोन अंडी नेतात, दुसऱ्या कोंबड्यांची,
आणि पाणी प्यायची वेळ होईपर्यंत
शेडमधल्या स्टुलावरून उठत नाहीत.