तळ्यात, मळ्यात

ईरी शहरात, पीच स्ट्रीटवरच्या हॉटेलात,
बर्फाच्या मशीनशेजारच्या खोलीत
सात माणसं बसलीत, ज्यांचं अजून ठरत नाहीये.
माणशी ऐंशी डॉलर, टर्की सँडविच, पार्किंग फुकट.
मी आरशामागे.
त्यांना आरसा दिसतो, मला ते.
कोण कुठे किती कललं, एवढं टिपून घ्यायचं.

लोर्ना पाव्लिक की ड्वाइट हेस्लर?

स्कूलबस चालवणारी मार्सी कुबियाक म्हणते,
“बाई हुशार आहे हो.
पण हुशार माणसं माझ्याशी बोलताना
आवाज का चढवतात? मी बहिरी नाही.”

इंजिनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला व्हर्जिल:
“हेस्लर म्हणतो, कारखाना पुन्हा उभा करीन.
आजवर अकरा जणांनी उभा केला.
दर वेळी मी डबा घासून ठेवतो.”

टीकाराम दुलाल, भूतानचे, मधली अठरा वर्षं छावणीत:
“दोघांचीही पत्रं येतात, दोघंही नाव चुकवतात.
पाव्लिकबाईंच्या पत्रात एकच चूक आहे.”

डेलोरिस नर्स बराच वेळ गप्प. मग:
“आईच्या अंत्यविधीला हेस्लर आला होता.
भाषण नाही, फोटो नाही. दोन पिरोगी खाल्ल्या,
शेवटी खुर्च्या आवरू लागला.
त्याचं एकही धोरण मला पटत नाही.
पण खुर्च्या...”

“शून्य ते शंभर, आकडा सांगा,” विचारणारा म्हणाला.
“खुर्च्यांचे किती धरू?”

आणि कोपऱ्यात एमेट स्ट्रॉब, हीटर दुरुस्त करणारा.
बावन्न म्हणाला, मग अठ्ठेचाळीस, मग पुन्हा पन्नास.
“बघू. ऐकून घेतोय.”
मधेच उठून आरशात कॉलर नीट केली,
नेमकी माझ्या डोळ्यांसमोर.
मी लिहिलं: पक्का कुंपणावरचा.
याच्या घरी माणूस पाठवा.

नऊ वाजता बाहेर रवाळ बर्फ
आणि माझी गाडी ढिम्म.
केबल घेऊन जो आला तो एमेटच.
“तांबडी तांबड्याला,” म्हणाला.
त्याचा गुडघा, त्याचं कर्ज, फोन न करणारी मुलगी,
सगळं मला ठाऊक. त्याला माझं नावही नाही.
“हॉटेलात कामाला?”
“हो, लिहायच्या,” म्हटलं. खोटं नव्हतं.

मग आपणहून,
“आत मतं विचारत होते.
माझं तर ऑगस्टमध्येच ठरलंय.”

“मग सांगितलं नाहीत?”

“ठरलंय म्हटलं की दार वाजत नाही कोणी.
गेल्या आठवड्यात दोन पोरं येऊन गेली,
एक हिचा, एक त्याचा.
दोघांनी पायपुसण्यावर पाय पुसले.
एकानं तर पाय संपवला, भोपळ्याचा.
बायको गेल्यापासून
मला एवढं कोणी विचारलं नव्हतं.”

कोणाला देणार, ते त्यानं सांगितलं नाही.
मीही खोदलं नाही, दिवसभर तेच तर केलं होतं.

“तुमचं काय?”

नागरिकत्वाचा कागद मार्चमधला. हे इथलं पहिलंच मत.
इथे बोटाला शाई लावत नाहीत, स्टिकर देतात.
शाळेच्या मैदानात खडूनं रेघ मारून आम्ही खेळायचो,
बाई ओरडायच्या तळ्यात, आपण उडी मारायची,
बाई ओरडायच्या मळ्यात,
आणि मी कायम बाद, कारण मी आधी
बाईंच्या तोंडाकडे बघत बसायची.

“बघू,” म्हटलं.
तो हसला, घरचं माणूस भेटल्यासारखा.
“वीस मिनिटं गाडी बंद करू नका. बॅटरी भरू द्या.”

म्हणून घरी गेले नाही.
आधी धक्क्यापर्यंत. काळं तळं,
ज्याला पलीकडचा काठ दिसत नाही.
मग पूर्वेला, द्राक्षमळ्यांच्या रस्त्यानं.
काच खाली केली, तर एवढ्या थंडीतही
खाली गळून पडलेल्या घडांचा आंबूस वास.

शेजारच्या सीटवर वही. अनिर्णित: सात.
साताचे सहा करायला
थांबावं लागलं असतं.
अजून नऊ मिनिटं बाकी होती.