थ्री-पिन

मकरपुरा जीआयडीसीत, भरत अमीनच्या शेडमध्ये
दिवसभर पंपांचे व्हॉल्व्ह बनतात.
गुरुवारी कारागिरांना सुट्टी.
लेथवर ताडपत्री टाकून
आम्ही पाचजण तिच्या आडोशाला उभे राहतो.

उभे म्हणजे, आयव्हन परेरा बसतो.
त्याच्या गुडघ्यात गेल्या वर्षी स्टील घातलंय.
बेस वाजला की तेही वाजतं म्हणतो,
अर्ध्या स्वराने खाली.
केरसी कानातलं मशीन काढून
टिफिनच्या झाकणात ठेवतो, कवळी ठेवावी तसं,
आणि ड्रमांमागे जातो :
‘आता बोलायचं नाय, डोळ्यांनी सांगा.’
जयमाला शिर्केने बावीस वर्षं शाळेत प्रार्थना घेतली,
तिच्या आवाजाच्या कडेला अजून खडू लागलेला आहे.
बँडचं नाव ठरत नाही.
भरत की-बोर्डवरून मान न उचलता म्हणतो,
नाव कशाला हवंय, जीएसटी नंबर थोडाच घ्यायचाय.

आयव्हन आणि केरसी रेल्वे कॉलनीतले,
नाताळात इन्स्टिट्यूटच्या लाकडी फ्लोअरवर
लोकांना पहाटेपर्यंत नाचवणारे.
मी दांडिया बाजारातला.
पहिला रिफ मी घरच्या पेटीवर शोधला,
वडील देवळातून परतायच्या आत.

मग तीस नवरात्री.
या गावात रॉकवाल्याला नऊ रात्रीच पोसतात.
हजारो माणसं एका गोलात फिरायची
आणि मी गिटारीतून सनईचा आवाज काढून द्यायचो.
तक्रार नाही. मुलीचं इंजिनिअरिंग त्यातच झालं.
केरसीने तर ऑक्टोपॅडवर हींच बडवून
कारेलीबागेत फ्लॅट घेतला.
फक्त दसऱ्याला सकाळी कानात जे उरायचं
ते आमचं नसायचं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.
चौऱ्याऐंशीचा डिसेंबर, युनिव्हर्सिटीच्या मैदानावर स्पर्धा,
त्यांचा बँड शेवटून दुसरा, आमचा शेवटचा.
ते चांगलं वाजवत होते. फार चांगलं.
मी लघवीला म्हणून स्टेजच्या मागे गेलो
आणि तिथं ती काळी, जाड वायर.
दोन बोटांचं काम.

गिटार मेली, बेस मेला,
गाणाऱ्याचं तोंड नुसतंच उघडं.
केरसी थांबला नाही.
ड्रमला वीज लागत नाही.
अकरा मिनिटं तो एकटा वाजवत राहिला,
लोक आधी हसले, मग गप्प झाले, मग उभे राहिले.
तरी कप आम्हालाच मिळाला.
आई त्यात विणायच्या सुया ठेवायची.

या शेडमधलं सॉकेट जमिनीलगत आहे, आणि ढिलं.
प्रत्येक गाण्यात एकदा अँप खरखरतो आणि जातो.
इलेक्ट्रिशियन येतोय म्हणे,
म्हणजे उत्तरायणानंतर.
मागच्या गुरुवारी असाच गेला, ऐन कडव्यात.
जयमाला थांबली. आयव्हनने बोटं उचलली.
केरसी वाजवतच राहिला.
मला वाटलं, ऐकू येत नाही, कळलं नसेल त्याला.
मग हात न थांबवता त्याने माझ्याकडे पाहिलं,
मग सॉकेटकडे,
मग पुन्हा माझ्याकडे.

डोळ्यांनी सांगा, असं त्यानेच म्हटलं होतं.

नंतर सेव-उसळ खाताना
त्याने मशीन कानात बसवलं, शिट्टी वाजली ती बंद केली,
पावाचा तुकडा रश्शात बुडवला आणि म्हणाला,
‘सॉकेट तू सांभाळ.
तने अनुभव छे.’
बाकीचे कशाला हसले ते मला कळलं नाही,
किंवा त्यांनाही.

आता मी भिंतीला पाठ लावून वाजवतो,
डावा पाय मागे,
रबरी चपलेच्या टाचेने
थ्री-पिन आत दाबून धरलेली.
कंबर धरते. सोलो घेताना झुकता येत नाही.
चौथ्या गाण्यापर्यंत टाच थरथरायला लागते,
आवाज जरासा कापतो
आणि आयव्हन म्हणतो,
हा इफेक्ट मस्त आहे, राहू दे.